कोल्हापूरचे एक पत्र आणि अमेरिकेचे साम्राज्य

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची जी जुनी दगडी इमारत आहे, तिचे मूळचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली ह्या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर मुख्य म्हणून कोल्हापूर दरबारने एकवीस वर्षांच्या एका युवतीची नेमणूक केली. ती युवती त्या वेळी सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत होती आणि वैद्यकाची पदवी घेऊन स्वदेशी परतण्याच्या तयारीत होती. ती परत आली. परंतु कोल्हापूरच्या त्या दालनात पाऊल ठेवणे तिच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे क्षयाने निधन झाले.

ही कथा मराठी घरांतून आजवर अनेक पिढ्या सांगितली गेली आहे. आज्यांनी ती नातींना सांगितली, शिक्षकांनी ती शाळेत सांगितली. आणि सांगताना ती बहुधा स्त्रीशिक्षणाची कथा म्हणूनच सांगितली गेली. ते योग्यच आहे. तथापि ह्याच कथेकडे आज थोडे निराळ्या बाजूने पाहावे, असा आमचा विचार आहे. आनंदीबाईंना अमेरिकेची वाट दिसली ती कोल्हापुराहून गेलेल्या एका पत्रामुळे. आणि हे पत्र ज्या गृहस्थास लिहिलेले होते, त्याचे कोल्हापुरास येणे हा अमेरिकेच्या सागरापार विस्ताराच्या इतिहासातील एक आरंभीचा अध्याय होय. अमेरिकेचे साम्राज्य म्हटले की इतिहासाची पुस्तके १८९८ सालापासून, मनिलाच्या उपसागरातील तोफांपासून आरंभ करतात. पण तोफा निघाल्या त्याच्या कितीतरी वर्षे आधी शाळामास्तर, छापखान्याचे खिळे आणि औषधांच्या पेट्या त्या देशाच्या किनाऱ्यावरून निघाल्या होत्या. त्यांतील काही आमच्या दाराशी येऊन पोहोचल्या. त्यांचे पुढे काय झाले, आणि तशाच पेट्या दुसरीकडे पोहोचल्या तेथे काय झाले, हे ताडून पाहिले म्हणजे साम्राज्य ही वस्तू कशी घडते ते बरेच उमगते.

झेंड्यापूर्वी आलेली माणसे

इंग्लंडच्या सत्तेतून सुटलेल्या अमेरिकेच्या तेरा वसाहतींचे स्वातंत्र्य १७८३ साली मान्य झाले. त्यानंतर १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेऊन आणि १८४८ साली मेक्सिकोचा मोठा प्रदेश युद्धाने मिळवून हे राष्ट्र एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पसरले. ह्या पसरण्यात तेथील मूळच्या लोकांची जी वाताहत झाली ती सर्वश्रुत आहे. १८६७ साली रशियाकडून ७२ लक्ष डॉलरांस अलास्काही घेण्यात आला. परंतु हा सर्व विस्तार जमिनीवरचा. महासागर ओलांडून दुसऱ्यांच्या देशावर राज्य करावे, अशी वेळ अद्याप आली नव्हती.

महासागर ओलांडला तो प्रथम व्यापाऱ्यांनी आणि धर्मोपदेशकांनी. १८१० साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात परदेशी धर्मप्रसारासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ नावाची संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्या सुमारास अमेरिका आणि इंग्लंड ह्यांच्यामध्ये युद्ध चालू होते; त्यामुळे कंपनी सरकारने ह्या पाहुण्यांना परत धाडण्याचा हुकूम काढला, आणि पुष्कळ लेखापढी झाल्यावरच त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. ह्या संस्थेचे परदेशातील पहिले कायमचे ठाणे ते हेच, आमच्या मुंबईचे. सात वर्षांनी, १८२० साली, ह्याच संस्थेचे दुसरे एक पथक प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर उतरले. मुंबई आणि हवाई ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

मुंबईहून हे मिशन १८३१ साली अहमदनगरास पोहोचले. तेथे ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली निघाले. तेथेच मिस सिंथिया फॅरार ह्यांची मुलींची शाळा जोतीराव फुले ह्यांनी पाहिली, आणि पुण्यास मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या संकल्पास त्या भेटीने बळ मिळाले. १८७३ साली जोतीरावांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले, ते त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केले म्हणून. सारांश, त्या काळच्या महाराष्ट्राच्या नजरेपुढे जी अमेरिका होती ती सत्ताधारी नव्हे, तर दास्यविमोचक आणि विद्या देणारी. त्याच अमेरिकेतून दिव्याचे रॉकेल आणि शिवण्याचे यंत्र हीही हळूहळू आमच्या माजघरापर्यंत आली. ह्यांत कोणास साम्राज्याची चाहूल लागली नाही, आणि ती लागण्याचे कारणही नव्हते.

वाइल्डर पितापुत्र

नगरास १८४६ साली आलेले रॉयल गोल्ड वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरास आले. संस्थानचा कारभार त्या वेळी ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालत असे. छत्रपतींच्या गादीवर इंग्रजांची छाया पडलेली होती. वाइल्डर ह्यांनी येथे शाळा काढल्या. इंग्रजी शाळांवर पैसा खर्च करावा की केवळ देशी भाषेतून उपदेश करावा, ह्या प्रश्नावर त्यांचे आपल्याच संस्थेशी कडाक्याचे भांडण झाले. वाइल्डर शाळांच्या बाजूचे होते. मतभेद इतके वाढले, की ते संस्थेपासून निराळे झाले आणि १८६१ पासून काही वर्षे त्यांनी कोल्हापुरात स्वतःच्या हिमतीवर काम चालविले. १८७० च्या सुमारास हे मिशन अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळाकडे गेले. १८७५ साली वाइल्डर स्वदेशी परतले व प्रिन्स्टन येथे राहून १८७८ पासून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे पत्र काढू लागले. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे प्रार्थनामंदिर आहे.

ह्याच वाइल्डर ह्यांना कोल्हापुरात पोस्टाच्या नोकरीवर असलेल्या गोपाळराव जोशी ह्यांनी १८७८ च्या सुमारास पत्र लिहिले. आपल्या पत्नीस अमेरिकेत शिक्षण द्यावे, आपणांसही तेथे काही उद्योग मिळावा, ह्यासाठी साहाय्य होईल काय, असा त्यातील आशय होता. वाइल्डर ह्यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले. मात्र त्यांच्या उत्तराचा रोख असा होता, की साहाय्य हवे असल्यास ख्रिस्ती धर्माकडे वळावे. जोशी दांपत्यास ही अट मान्य नव्हती. प्रकरण तेथेच संपावयाचे. परंतु १८८० साली न्यूजर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता मासिकाचा तो अंक त्यांच्या हाती पडला. परदेशातील एका कोवळ्या मुलीची शिकण्याची तळमळ वाचून त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. त्यांनी कसलीच अट घातली नाही. पत्रापत्रींतून नाते जडले, आणि आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या.

पुढचा भाग वाचकांस ठाऊक आहेच. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या ह्या मुलीने श्रीरामपूर येथील सभेत भाषण करून सांगितले, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे ज्या दुःखाने त्यांना घराबाहेर काढले, त्याच दुःखाचा. पदवीदान पाहावयास पंडिता रमाबाईही उपस्थित होत्या.

आता त्याच वर्षातील दुसरी घटना पाहावी. वाइल्डर ह्यांचे पुत्र रॉबर्ट पार्मली वाइल्डर ह्यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला होता. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्यानंतर चारच महिन्यांनी, १८८६ च्या जुलैत, मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे कॉलेजातील २५१ विद्यार्थ्यांचा एक मेळावा भरला. तेथे रॉबर्ट ह्यांच्या खटपटीने शंभर तरुणांनी परदेशी मिशनरी होण्याची प्रतिज्ञा केली. पुढील वर्षात त्यांनी व त्यांच्या एका सोबत्याने शंभरांहून अधिक कॉलेजे पालथी घातली आणि दोन हजारांवर तरुणांच्या सह्या मिळविल्या. १८८८ साली ह्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही चळवळ रीतसर उभी राहिली. आपल्या एका पिढीत सगळ्या जगास ख्रिस्ताचा संदेश पोहोचवावयाचा, हे तिचे ब्रीद होते. पुढील अर्धशतकात ह्या चळवळीमार्फत वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी परदेशी गेले. कोल्हापुरात जन्मलेल्या एका मुलाने अमेरिकेच्या तारुण्याचे तोंड समुद्राकडे वळविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या तरुणांना कोणी साम्राज्याचे हस्तक म्हणेल, तर तो अन्याय होईल. त्यांतील कित्येक अत्यंत निःस्वार्थी होते. मिरजेस सर विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली उघडलेले रुग्णालय पुढे दूरदूरच्या रोग्यांचे आश्रयस्थान झाले, आणि अवघड शस्त्रक्रिया म्हटली की दक्षिण महाराष्ट्रातील सर्व जातिधर्मांच्या घरांतून ‘मिरजेस न्यावे’ असेच म्हटले जाऊ लागले. तरीही एक गोष्ट खरी, की ‘सारे जग सुधारणे हे आमचे कर्तव्य’ ही भावना अमेरिकेच्या घराघरांत रुजली ती अशाच चळवळींमुळे. ही भावना जोवर उपदेशकाच्या मनात असते तोवर तिचे स्वरूप एक असते. ती सेनापतीच्या मनात शिरली म्हणजे निराळे होते.

हवाईची राणी

१८९० नंतरच्या दशकात ती सेनापतीच्या मनात शिरली. त्याची कारणे अनेक होती. पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीची सीमारेषा आता उरली नाही, असे १८९० च्या शिरगणतीने सांगितले. कारखान्यांतील माल देशात मावेना. १८९३ साली मोठी आर्थिक मंदी आली आणि परदेशी बाजारपेठांची ओढ वाढली. आल्फ्रेड माहन ह्या आरमारी अधिकाऱ्याचा समुद्रसत्तेविषयीचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. मोठे आरमार आणि त्यास कोळसापाण्यासाठी दूरदूरची बंदरे, ही महत्त्वाकांक्षी राष्ट्राची गरज होय, हा त्यातील सिद्धान्त राज्यकर्त्यांनी मनावर घेतला.

आता हवाई बेटांकडे वळू. १८२० साली तेथे गेलेल्या मिशनऱ्यांनी तेथील भाषेस लिपी दिली, शाळा काढल्या, छापखाना घातला. अगदी मुंबईस आणि नगरास केले तेच. तेथील राजघराण्यातील मुलांसाठी एक खास शाळा होती. एमोस कुक हे मिशनरी ती चालवीत आणि पुढे राणी झालेली लिलिउओकलानी तेथेच शिकली. परंतु ह्याच कुक ह्यांनी मिशनचे काम सोडून १८५१ साली सॅम्युएल कॅसल ह्या सहकाऱ्यासह व्यापारी पेढी काढली, आणि ती पेढी पुढे साखरेच्या धंद्यातील एक बलाढ्य संस्था झाली. मिशनऱ्यांचे मुलगे आणि नातू मळेवाले व वकील झाले. १८७५ च्या तहाने हवाईची साखर अमेरिकेत जकातीवाचून जाऊ लागली आणि उसाच्या मळ्यांचे महत्त्व राजसिंहासनाहून अधिक झाले. १८८१ साली जगप्रवासास निघालेला राजा कलाकौआ मुंबईसही येऊन गेला होता. त्याच राजावर १८८७ साली बंदुकीच्या धाकाने नवी राज्यघटना लादण्यात आली. त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आल्यावर तिने राज्याचे अधिकार परत मिळविण्याचा विचार करताच, १७ जानेवारी १८९३ रोजी मळेवाल्यांच्या मंडळाने तिला पदच्युत केले. बंदरातील अमेरिकी युद्धनौकेवरून १६० च्या वर सैनिक आदल्याच दिवशी किनाऱ्यावर उतरले होते. नव्या सत्तेचा अध्यक्ष झाला तो सॅनफर्ड डोल, एका मिशनऱ्याचा मुलगा. १८९८ च्या जुलैत हवाई बेटे अमेरिकेस जोडून घेण्यात आली. शंभर वर्षांनी, १९९३ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून ह्या कृत्याबद्दल हवाईच्या मूळ लोकांची क्षमा मागितली. बेटे मात्र परत दिली नाहीत.

बीज एकाच पेटीतून आले होते. मग मुंबई-कोल्हापुरास जे झाले नाही ते हवाईत का झाले? ह्यात आमच्या शौर्याचा भाग मुळीच नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. आमच्या देशात दुसरा धनी आधीच येऊन बसला होता. वाइल्डर ह्यांच्या पाठीशी अमेरिकेचा झेंडा नव्हता, गलबत नव्हते, उसाचा मळाही नव्हता. त्यामुळे त्यांच्याजवळ देण्यासारखे जे होते ते शाळा आणि पुस्तक एवढेच राहिले. विद्येच्या मागोमाग जमीन आणि शस्त्र आले, तेथे राज्य गेले. विद्या एकटी आली, तेथे ती विद्याच राहिली.

मनिलाचा धडा

१८९८ साली क्यूबाच्या प्रश्नावरून अमेरिका व स्पेन ह्यांचे युद्ध जुंपले. १ मे रोजी नौसेनापती ड्यूई ह्यांनी मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार बुडविले. फिलिपाइन्सचे लोक आधीपासूनच स्पेनविरुद्ध लढत होते. त्यांचे पुढारी एमिलिओ अग्विनाल्दो ह्यांनी १२ जून रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली. परंतु १० डिसेंबरला पॅरिस येथे जो तह झाला, त्यात स्पेनने ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली आणि अमेरिकेने त्याबद्दल स्पेनला दोन कोटी डॉलर दिले. बेटांवरील लोकांना विचारले कोणीच नाही. प्वेर्तो रिको आणि ग्वाम हीही ह्याच तहाने मिळाली. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली ह्यांनी २१ डिसेंबरच्या जाहीरनाम्यात आपले धोरण ‘परोपकारपूर्वक सामावून घेण्याचे’ आहे असे सांगितले. त्यानंतर दीड महिन्यात, ४ फेब्रुवारी १८९९ रोजी, युद्ध पेटले. अधिकृतपणे ते १९०२ च्या जुलैत संपले. चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि सुमारे वीस हजार फिलिपिनो लढवय्ये त्यात पडले. हिंसा, दुष्काळ आणि रोगराई ह्यांनी मेलेल्या सामान्य लोकांची संख्या दोन लक्षांपर्यंत सांगितली जाते.

आमच्या मुंबईत जन्मलेले रडयार्ड किप्लिंग ह्यांनी ह्याच वेळी, १८९९ च्या फेब्रुवारीत, ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही आपली कविता अमेरिकेस उद्देशून प्रसिद्ध केली. जित लोकांना सुधारण्याचे कष्ट आता तुम्हीही उचला, असा तिचा भाव. परंतु अमेरिकेत सगळेच लोक ह्या ओझ्यास खांदा देण्यास तयार नव्हते. साम्राज्यविरोधी संघ १८९८ साली बोस्टन येथे स्थापन झाला. १८९६ साली मुंबई पाहून गेलेले थोर विनोदकार मार्क ट्वेन पुढे त्याचे उपाध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या सरकारवर जहाल लेख लिहिले. तह सेनेटात मंजूर झाला तो ५७ विरुद्ध २७ मतांनी. आवश्यक त्या दोनतृतीयांशापेक्षा एकच मत अधिक. जे राष्ट्र स्वतः बंड करून स्वतंत्र झाले, त्याने दुसऱ्याचे बंड मोडावे, ही विसंगती त्या देशातील विचारी माणसांस बोचत होती, हे त्यांच्या श्रेयास्तव नमूद केले पाहिजे.

युद्ध चालू असतानाच, १९०१ च्या ऑगस्टमध्ये, ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलास उतरले. त्यांनी गावोगाव शाळा उघडल्या. त्यांतील कित्येक रोगाने तेथेच वारले. शिक्षण इंग्रजीतून होते आणि ते खरोखरच पुष्कळांना मिळाले. हे दान खोटे नव्हते. पण काय शिकावे, कोणत्या भाषेत शिकावे, आणि शिकून कोणाचे राज्य मानावे, हे घेणाऱ्याने ठरविले नव्हते. फिलिपाइन्सला स्वातंत्र्य मिळाले ते ४ जुलै १९४६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनी. तो दिवसही देणाऱ्याच्याच पंचांगातला! पुढे १९६२ साली त्या देशाने आपला स्वातंत्र्यदिन बदलून अग्विनाल्दोंचा १२ जून हा ठरविला. सुबिक येथील अमेरिकी आरमाराचा तळ उठावयास १९९२ साल उजाडावे लागले.

एकच दुःख, दोन उपयोग

वाचक विचारतील, ह्या दूरच्या बेटांचा आमच्या घराशी काय संबंध? संबंध एका अमेरिकन लेखिकेने जोडून दिला. कॅथरीन मेयो ह्यांनी १९२५ साली फिलिपाइन्सवर ‘आयल्स ऑफ फिअर’ हे पुस्तक लिहिले. तेथील लोक स्वराज्यास लायक नाहीत, हे त्यात मांडले होते. दोनच वर्षांनी, १९२७ साली, त्यांचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले आणि आमच्या देशात संतापाचा डोंब उसळला. त्या पुस्तकात मुख्यतः काय होते? बालविवाह, कोवळ्या वयातील बाळंतपणे, अडाणी सुइणी, अंधाऱ्या खोल्या. ह्यांवरून निष्कर्ष काढला होता तो एवढाच, की हा समाज स्वतःचा कारभार करण्यास अपात्र आहे.

येथे क्षणभर थांबावे. ज्या दुःखांची यादी मेयोबाईंनी केली, तीच दुःखे आनंदीबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतः भोगली होती. त्यांनी ती लपविली नाहीत. त्यांवर प्रबंध लिहिला, त्यांचे औषध शिकण्यासाठी समुद्र ओलांडला, आणि ते औषध घेऊन आपल्याच लोकांत परत येण्याची वाट धरली. नेमणूक केली ती येथल्याच एका संस्थानाने. दुःख खरेच होते. परंतु एकीने त्याचा उपयोग उपचारासाठी केला आणि दुसरीने सत्तेच्या समर्थनासाठी. साम्राज्याचे लक्षण आमच्या मते येथेच सापडते. ते दुसऱ्याचे दोष बहुधा खोटे सांगत नाही. खरे दोष सांगून त्यांवरून दुसऱ्याचा हक्क काढून घेते. म्हणूनच ‘आमच्यात दोष नाहीतच’ असे ओरडणे हे त्यास उत्तर नव्हे. दोष कबूल करावा आणि तो दूर करण्याचा अधिकार मात्र आपल्या हाती ठेवावा, हेच उत्तर. आणि ते आनंदीबाईंनी मेयोबाईंचे पुस्तक निघण्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न संपला नाही. १९५६ पासून करार करून आपण अमेरिकेचा गहू घेतला. १९६५-६६ च्या अवर्षणात त्या गव्हाने कोट्यवधी लोकांना जगविले, ह्यात शंका नाही. परंतु त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी धान्याची जहाजे थोड्याथोड्या हप्त्यांनी सोडण्याचे धोरण ठेवले. आमची शेतीनीती बदलावी आणि व्हिएतनामच्या युद्धाबद्दल आम्ही बोलू नये, ही अपेक्षा त्यामागे होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना परक्या धान्याची चव सांगावयास नको. त्याच्या आदल्या वर्षी, बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे ‘एंटरप्राइझ’ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले होते. गहू देणारा हात आणि जहाज धाडणारा हात एकाच शरीराचे होते. आपल्या देशाने त्यातून योग्य तो बोध घेतला: गहू घेतला, आभार मानले, आणि शेतात नवे बियाणे पेरून परावलंबन कमी केले.

आता आमच्या घराघरांतील मुले-मुली अमेरिकेस जातात. रोझेल गावापासून फारशा दूर नसलेल्या शहरांत आज मराठी कुटुंबे सुखाने नांदत आहेत. घरातील वडीलधारी मंडळी पहाटे उठून नातवंडांशी बोलतात. त्यांनी जाऊ नये, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आनंदीबाईंच्या कथेचा असा अर्थ काढणे विपरीत होईल. उलट त्या कथेत कार्पेंटर मावशीही आहेत, आणि त्या देशाचे हे रूप विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु कोणताही मोठा देश, कोणतीही मोठी संस्था, किंबहुना कोणताही मोठा मनुष्य काही देऊ लागला, म्हणजे घरातील जाणत्यांनी नम्रपणे विचारून घ्यावे: ह्याच्या बदल्यात काय मागितले आहे? नको म्हणण्याची मोकळीक आहे ना? आणि घेतलेल्या वस्तूचे पुढे काय करावयाचे, हे ठरविणार कोण? वाइल्डर ह्यांच्या पत्रातील उत्तरास पहिल्याच प्रश्नावर अडखळावे लागले. कार्पेंटरबाईंचे पत्र तिन्ही प्रश्नांस उतरले. दोघेही एकाच देशाचे, एकाच धर्माचे होते.

आनंदीबाईंच्या पश्चात गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पकिप्सी येथे, त्या मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या विसावल्या आहेत. त्याच १८८७ सालच्या ऑक्टोबरात वृद्ध वाइल्डर ह्यांनीही देह ठेवला. कोल्हापुराच्या रुग्णालयात मात्र स्त्रियांच्या विभागाचे काम दुसऱ्या हातांनी चालूच राहिले. आणि ज्या कामासाठी आनंदीबाई येणार होत्या ते काम आज तेथे आमच्याच लेकीसुना करीत आहेत.